आधी तारीख सांग

सकाळी ६:३०

जून महिन्यात माझा दिवस मेलने सुरू होतो. मे महिन्यात पदवी घेतलेल्या परदेशी मुलांच्या ओपीटीच्या, म्हणजे शिक्षणानंतर काम करण्याच्या परवानगीच्या, अर्जांचे निकाल याच सुमारास लागतात. बहुतेकांचं काम होतं. ती मुलं परवानगीच्या कार्डाचा फोटो आणि आभाराच्या दोन ओळी पाठवतात. ज्यांचं होत नाही त्यांचे मेल रात्री अकरानंतर, कधी पहाटे तीनला लिहिलेले असतात.

आज मंगळवार, २४ जून २०२५. असे दोन मेल आलेत. एक घानाच्या मुलीचा. सार्वजनिक आरोग्य या विषयात तिने मास्टर्स केलंय आणि काउंटीच्या आरोग्य विभागात १ जुलैपासून तिची नोकरी ठरलीय. तिला काल संध्याकाळी निकाल कळला आणि तिने रात्रीच नोटीस जोडून पाठवली. दुसरा मेल लातूरच्या मुलाचा, मराठीतच: "मॅडम, माझी ओपीटी डिनाय झाली. गुरुवारीच कळलं होतं. सांगायचा धीर झाला नाही."

गुरुवार ते मंगळवार. हे मधले दिवस मला फार सलतात. मुलं या दिवसांत खोलीत बसून राहतात, घरी फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणतात, ग्रुपवर कुणाकुणाचे सल्ले वाचतात. ज्या दिवसांत काहीतरी करता आलं असतं, नेमके तेच दिवस असे जातात.

दोघांना एकच उत्तर पाठवलं. नोटीसचं पान न् पान स्कॅन करून पाठव. आय-२० या विद्यापीठाच्या प्रमाणपत्रावरची प्रोग्राम एंड डेट, म्हणजे शिक्षण संपल्याची तारीख, कळव. काम सुरू केलं असशील तर आजच्या आज थांबव. आणि सकाळीच ये.

सकाळी ८:००

ओहायोतल्या एका सरकारी विद्यापीठात मी परदेशी विद्यार्थ्यांची सल्लागार आहे. कागदोपत्री पद डीएसओचं. सरकारच्या सेव्हिस या संगणकीय नोंदवहीत विद्यापीठातर्फे नोंदी करण्याचा अधिकार फक्त डीएसओला असतो. त्यासाठी अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. मीही एफ-१ व्हिसावरच इथे आले. कार्ड हातात आल्यावरच या खुर्चीत बसता आलं.

सेव्हिस उघडताना या वर्षी सगळ्याच डीएसओंच्या पोटात गोळा येतो. एप्रिलमध्ये देशभरातल्या हजारो विद्यार्थ्यांच्या नोंदी सरकारने अचानक बंद केल्या. पुष्कळ ठिकाणी विद्यापीठांना आधी सांगितलंही नाही. कोर्टात दाव्यांवर दावे दाखल झाले, न्यायाधीशांनी स्थगिती दिली, तेव्हा महिन्याच्या अखेरीस त्या नोंदी पुन्हा सुरू झाल्या. तेव्हापासून रोज सकाळी पहिलं काम म्हणजे आपल्या सगळ्या मुलांची यादी तपासणं. आज यादी जशीच्या तशी आहे.

वाचकांपैकी ज्यांचं कुणी इथे शिकत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्याला शिक्षण संपल्यावर आपल्या विषयाशी संबंधित काम एक वर्ष करता येतं. तीच ओपीटी. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित यातली पदवी असेल तर पुढे आणखी २४ महिने मिळू शकतात. अमेरिकेतल्या विद्यापीठांची दरवर्षीची पाहणी 'ओपन डोअर्स' या नावाने निघते. तिच्यानुसार २०२३-२४मध्ये इथे ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. २००९नंतर पहिल्यांदाच भारत चीनच्या पुढे गेला. त्यांतले ९७,५५६ जण ओपीटीवर होते. म्हणजे जवळजवळ तीनातला एक जण ओपीटीच्या एका कार्डाच्या आधाराने काम करत होता.

प्रक्रिया दोन टप्प्यांची. आधी डीएसओ सेव्हिसमध्ये शिफारस नोंदवतो आणि नवा आय-२० देतो. मग विद्यार्थी आय-७६५ हा अर्ज इमिग्रेशन खात्याकडे करतो. अर्ज प्रोग्राम एंड डेटच्या आधी ९० दिवसांपासून ते नंतर ६० दिवसांपर्यंत करता येतो. शिवाय शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांच्या आत तो खात्याकडे दाखल व्हावा लागतो. या दोन्ही अटी एकदम पाळाव्या लागतात. एक सांभाळताना दुसरी निसटली की अर्ज गेला, मग मुलाला नव्वद टक्के असोत की सुवर्णपदक.

सकाळी ९:००

घानाची मुलगी वेळेआधीच येऊन बसली होती. डोळे सुजलेले, पण फाइल नीट लावलेली.

नोटीस तीन पानांची. पहिल्या पानावर नाव, केस क्रमांक आणि कायद्याची कलमं असतात. खरं कारण बहुधा दुसऱ्या पानावर एका परिच्छेदात सापडतं. मुलं पहिल्या ओळीतला नकार वाचून तिथेच थांबतात. मी दुसरं पान काढलं आणि पेन्सिलीने दोन तारखांखाली रेघ मारली. शिफारस ८ एप्रिल. अर्ज दाखल ११ मे. मधे तेहतीस दिवस.

फॉर्म तिने १२ एप्रिललाच ऑनलाइन भरून ठेवला होता. अडलं ते पैशावर. ४७० डॉलर फी. घानाच्या बँकेचं कार्ड चालेना, इथल्या खात्यात तेवढे नव्हते. शेवटी मैत्रिणीचा पगार झाल्यावर तिच्या कार्डाने भरले. फॉर्म भरला म्हणजे अर्ज झाला, अशी तिची समजूत. खात्याच्या लेखी अर्ज होतो तो सही करून, पैसे भरून पाठवल्यावर. तीन दिवसांपायी तिचं वर्ष गेलं असतं.

"असतं" म्हणाले, कारण मी लगेच तिला विचारलं, प्रोग्राम एंड डेट काय? १० मे. त्यापुढे साठ दिवस मोजले तर ९ जुलै. आज २४ जून. हाताशी पंधरा दिवस आहेत, तेव्हा नवा अर्ज करता येतो. जुन्याला अपील नाही, पण इथे अपिलाची गरजच नाही.

तिचा विश्वास बसेना. काल रात्री तिने सामान बांधायला घेतलं होतं.

पुढचा दीड तास आम्ही दोघी एकाच टेबलावर होतो. सेव्हिसमध्ये नव्याने शिफारस नोंदवली. ओपीटी सुरू होण्याची तारीख साठ दिवसांच्या आतलीच मागावी लागते, म्हणून ९ जुलै टाकली. नवा आय-२० छापला. त्याचं दुसरं पान मी नेहमी मुलांना मोठ्याने वाचायला लावते: पोस्ट-कम्प्लिशन, फुल टाइम, रिक्वेस्टेड, तारीख. जुना आय-२० आणि नवा आय-२० दिसायला सारखेच असतात. फरक या चार शब्दांचा. चुकून जुना जोडला तर पुन्हा नकार. तिने पेनने सही केली, आम्ही स्कॅन केला. पासपोर्ट, देशात प्रवेश केल्याची नोंद असलेला आय-९४, फोटो. पूर्वी आय-७६५ केला होता का, या प्रश्नाला "हो". तिने बिचकत विचारलं, हे लपवायला नको का? अजिबात नको. नकार खात्याला माहीतच आहे. तो लपवणं मात्र खोटं बोलणं ठरेल.

फीसाठी विद्यापीठाच्या आपत्कालीन निधीला मी सकाळीच मेल टाकला होता. मंजुरी यायला दोन दिवस लागणार होते. तेवढं थांबायची माझी तयारी नव्हती. तिच्या प्रोफेसरबाई वरच्याच मजल्यावर बसतात. त्या खाली आल्या आणि कार्ड दिलं. निधीचे पैसे आले की परत करायचे ठरलं. दहा वाजून बत्तीस मिनिटांनी अर्ज दाखल झाला. पावतीचं पान छापून तिच्या फाइलमध्ये लावलं.

आणखी १,६८५ डॉलर (जून २०२५मधला दर) भरले तर तीस कामकाजी दिवसांत उत्तर द्यायला खातं बांधलेलं असतं. ती म्हणाली, तेवढे असते तर एप्रिलमध्येच अडले नसते. खरं आहे. ही सोय ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांच्यासाठीच आहे, आणि मला ती मनापासून पटत नाही.

सकाळी १०:४५

"येऊ का मॅडम?"

लातूरचा मुलगा दारातच उभा. हातात दोन पाकिटं. मेकॅनिकल इंजिनिअरिंग, डिसेंबरमध्ये मास्टर्स, पंप बनवणाऱ्या एका कंपनीत डिझाइनची नोकरी. कंपनी जानेवारीपासून त्याच्यासाठी थांबलेली.

त्याने पाकिटं टेबलावर ठेवली. दोन्हींवर जुन्या अपार्टमेंटचा पत्ता. एक १४ मार्चचं, दुसरं १६ जूनचं. गुरुवारी केस क्रमांक टाकून त्याने स्थिती पाहिली तर नामंजूर. शुक्रवारी तो जुन्या घरी गेला. तिथल्या नव्या भाडेकरूने दोन्ही पाकिटं फ्रिजवर जपून ठेवली होती. कुणीतरी येईल म्हणून.

मार्चच्या पाकिटात आरएफई होती, म्हणजे आणखी पुरावा मागणारं पत्र. खात्याला हवा होता फोटो. त्याने एका सीनियरचं ऐकून कागदी अर्ज केला होता. त्यासोबतचे फोटो खात्याच्या मापात बसले नव्हते. दोन नवे फोटो ९ जूनपर्यंत पाठवायचे, एवढंच मागणं. पत्र त्याला मिळालंच नाही. मुदत संपली, खात्याने अर्ज सोडून दिल्याचं धरलं आणि नकार लिहिला.

"पण मॅडम, पोस्टात पत्ता बदलला होता की मी. तुमच्या पोर्टलवर पण टाकला होता."

दोन्ही खरं. आणि दोन्ही अपुरं. पोस्टात पत्ता बदलला म्हणून खात्याच्या फाइलमधला बदलत नाही. विद्यापीठाच्या पोर्टलवरचा सेव्हिसमध्ये जातो, पण प्रलंबित अर्जावरचा पत्ता विद्यार्थ्याने खात्याकडे वेगळा बदलून घ्यावा लागतो. फेब्रुवारीच्या अखेरीस भाडेकरार संपला, मुलगा नव्या खोलीवर गेला आणि या तीन ठिकाणांपैकी दोनच त्याच्या ध्यानात आली. पंचविशीतल्या, परक्या देशातल्या पोराला हे आपसूक कळावं अशी अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

"मग परत अर्ज करू ना? त्या घानाच्या मुलीचा तुम्ही केला म्हणे." बाहेर बाकावर दोघांचं बोलणं झालं असणार.

"आधी तारीख सांग. एंड डेट?"

"१३ डिसेंबर."

"साठ दिवस धर."

त्याने बोटांवर मोजलं. १८ डिसेंबरचे, ३१ जानेवारीचे, उरले अकरा. "११ फेब्रुवारी," तो म्हणाला आणि त्याचं त्यालाच कळलं.

त्याचा अर्ज वेळेत होता. शिफारस १६ जानेवारी, खात्याकडे पोच २७ जानेवारी. अर्ज चालू होता तोवर त्याला इथे थांबता आलं. नकार आला त्या दिवशी तो आधार संपला. साठ दिवसांची सवलत फेब्रुवारीतच सरलेली, ती नव्याने मिळत नाही. एकाच सकाळी दोन मुलं, दोघांच्या हातात तशीच नोटीस. एकीला वाट आहे, दुसऱ्याला जवळजवळ नाही. फरक एंड डेटचा.

मी त्याला सगळं जसं आहे तसं सांगितलं. अशा वेळी गोड बोलणं ही क्रूरता आहे. अपील नाही. फेरविचाराचा अर्ज, म्हणजे मोशन, करता येतं. फी ८०० डॉलर, मुदत निर्णयापासून तीस दिवस, म्हणजे १६ जुलै. नोटीस टपालाने आली म्हणून आणखी तीन दिवस मिळतात, पण त्या तीन दिवसांवर मी कुणालाच भरवसा ठेवू देत नाही. अर्ज सोडून दिल्याच्या नकारात मोशन मोजक्याच कारणांवर चालतं: मागितलेला पुरावा मुळात गरजेचा नव्हता, किंवा तो आधीच दिला होता, किंवा उत्तर मुदतीत गेलं होतं, किंवा पत्र नोंदलेला पत्ता सोडून भलतीकडेच पाठवलं गेलं. त्याचं पत्र नोंदलेल्याच पत्त्यावर गेलं होतं. शिवाय नुसतं मोशन केल्याने इथे राहण्याचा हक्क मिळत नाही.

मी वकील नाही, आणि मुलांशी वकील असल्यासारखं बोलायचं नाही हा माझा नियम आहे. गावातल्या एका इमिग्रेशन वकीलबाईंना फोन केला. त्या आमच्या मुलांना पहिला अर्धा तास फुकट देतात. तीनची वेळ मिळाली.

दुपारी १:००

मुलगा गेलाच नाही. बाहेर बाकावर बसून होता. एक वाजता आत आला. "वडिलांना सांगायचंय. माझ्याच्याने होत नाहीये. तुम्ही बोलाल?"

इथे १९७४चा एक कायदा आहे, फर्पा. विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय त्याच्या कागदांबद्दल आईवडिलांशीही बोलता येत नाही. आपल्याकडच्या पालकांना हे फार लागतं. "आम्ही फी भरली आणि आम्हालाच सांगत नाही?" असं मला कितीदा ऐकावं लागलंय. पण मला तो कायदा योग्य वाटतो. बातमी आपल्या तोंडाने सांगायची की नाही हे मुलाने ठरवायचं. त्याने संमतीच्या कागदावर सही केली, स्वतः फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. लातुरात रात्रीचे साडेदहा.

पहिलं वाक्य त्यानेच बोलावं असं मी सांगितलं होतं. तो बोलला. मग बराच वेळ पलीकडून पंख्याचा आवाज.

"मॅडम, पोरानं काही गुन्हा केलाय का?"

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. मी म्हणाले, "नाही गुरुजी. एक पत्र जुन्या पत्त्यावर गेलं. त्यात दोन फोटो मागितले होते. ते वेळेत पोचले नाहीत. एवढंच घडलंय."

"फोटो?"

"फोटो."

"मग आता देऊ की फोटो. उद्याच्या उद्या."

याला उत्तर देणं मला फार जड गेलं. मुदत म्हणजे काय हे शिक्षकाला कळत नाही असं नाही. पण दोन फोटोंवरून मुलगा परत येतो, हे कुठल्याच बापाच्या मनाला पटणारं नाही.

मग कर्जाचा विषय निघाला. ३५ लाख. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागतात. शेतजमीन सहसा चालत नाही, म्हणून राहतं घर लावलेलं. हप्त्यांना शिक्षण संपल्यावर वर्षभराची सवलत, म्हणजे डिसेंबरपासून हप्ते सुरू. मी त्यांना इतकंच सांगितलं, की ही नोटीस आणि माझं पत्र घेऊन याच आठवड्यात बँकेच्या शाखेत जा. थकल्यावर जाण्यात आणि आधी जाऊन सांगण्यात पुष्कळ फरक पडतो. ते म्हणाले, जातो. मग मुलाला म्हणाले, "जेवलास का?" तो नाही म्हणाला. "आधी जेव. मग वकिलाकडं जा. आणि पाच दिवस गप्प का बसलास रे बाळा?"

त्यांनी तो प्रश्न रागाने विचारला नाही. मुलगा तिथे रडला, आणि मला वाटतं त्याला तेच हवं होतं.

दुपारी २:१५

फोन. दुसऱ्या राज्यातून, आमचा जुना विद्यार्थी. इथून एक मास्टर्स झाल्यावर दुसऱ्या एका कॉलेजात त्याने दुसरं मास्टर्स घेतलं आणि पहिल्या दिवसापासून पूर्णवेळ सीपीटीवर, म्हणजे शिकत असतानाच काम करण्याच्या परवानगीवर, नोकरी केली. आता ओपीटी नाकारली. कारण एका वाक्याचं आहे: बारा महिने किंवा जास्त पूर्णवेळ सीपीटी केली की त्याच पातळीवरच्या पदवीची ओपीटी जाते. शिवाय मास्टर्सच्या पातळीवरची ओपीटी त्याने आमच्याकडून एकदा घेतलेलीच होती. याला तारीख नाही, दुरुस्तीही नाही. पुढची पातळी, म्हणजे पीएचडी, हाच काय तो मार्ग.

त्याने आवाज खाली आणून विचारलं, एक एजंट म्हणतोय तिसरं मास्टर्स घे, उद्यापासून काम चालू. फी घेऊन सगळं तोच बघतो.

मी त्याला फार्मिंग्टनची गोष्ट सांगितली. मिशिगनमधलं 'युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन' हे विद्यापीठ सरकारी तपास यंत्रणेनेच सापळा म्हणून उभं केलं होतं. वर्ग नाहीत, प्राध्यापक नाहीत. जानेवारी २०१९मध्ये ते उघड झालं तेव्हा सहाशेच्या आसपास विद्यार्थी अडकले, बहुतेक भारतीय. गिऱ्हाईक आणून देणाऱ्या आठ जणांवर खटले झाले आणि शेकडो मुलांना अटक झाली. नकाराने घाबरलेला मुलगा एजंटांना लांबून ओळखू येतो. अशी सगळीच कॉलेजं खोटी नसतात. पण जिथे शिकायचं काय हा प्रश्न शेवटी येतो, तिथे मी माझ्या घरच्या मुलाला पाठवणार नाही. त्याला तसंच सांगितलं.

दुपारी ३:३०

काउंटीच्या आरोग्य विभागाला द्यायचं पत्र लिहिलं. उमेदवाराचा नवा अर्ज दाखल झालाय, परवानगी येईपर्यंत तिला कामावर घेता येणार नाही, बिनपगारी ओळख-प्रशिक्षणालाही बोलावू नये. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम घालते. अर्जाची पावती आली म्हणजे परवानगी आली असं समजून कामावर गेलेली मुलं मी पाहिलीत. नकार दुरुस्त होऊ शकतो, विनापरवाना कामाचा शिक्का पुसणं महाकठीण. चार वाजता उत्तर आलं: सप्टेंबरपर्यंत जागा राखून ठेवू. माझ्या टेबलावर आज आलेली ही सगळ्यात चांगली बातमी.

मला नियमांचा राग नाही. ओपीटी हा हक्क नाही हे मी प्रत्येक बॅचला सांगते. संसदेने केलेल्या स्वतंत्र कायद्यात ती नाही. शिकाऊ कामाची ही मुभा १९४७पासून सरकारी नियमांतून चालत आलीय. तिच्यावरचा दावा वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ऑक्टोबर २०२२मध्ये फेटाळला आणि वर्षभराने सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालायला नकार दिला, म्हणून ती आज टिकून आहे. जे नियमाने मिळतं ते नियमानेच जाऊ शकतं. मुदत असावी, फोटोचं माप असावं, हेही मान्य.

राग आहे तो एकाच बाजूने चालणाऱ्या कडकपणाचा. २०२०च्या हिवाळ्यात करोनामुळे अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रांवर ढीग साचले. मुलांचे अर्ज आठवडेच्या आठवडे पाकिटातच पडून होते. तेव्हा, २६ फेब्रुवारी २०२१ला, खात्याने सवलती जाहीर केल्या. परत आलेले अर्ज पुन्हा केले तर पहिलीच तारीख धरू, सहीत खोट असेल तर नाकारण्याऐवजी आधी विचारू, साचलेल्या ढिगापायी कुणाचे कामाचे महिने बुडू देणार नाही. चांगलं केलं. पण त्यातून हेही सिद्ध झालं, की मनात आणलं तर हे करता येतं. उशीर सरकारचा असेल तर तारीख मागे जाते. विद्यार्थिनीचा उशीर तीन दिवसांचा आणि कारण न चालणारं कार्ड, तर मागे काही जात नाही. जिथे अपीलच नाही, तिथे निर्दोष चुकीला एक संधी तरी हवी. माझं हे मत आमच्या व्यवसायातल्या बैठकांत मी मांडते आणि मांडत राहीन.

संध्याकाळी ५:००

मुलगा वकीलबाईंकडून परतला. त्यांनीही तेच सांगितलं: मोशन कमकुवत आहे, ८०० डॉलर घालवायचे का ते तू ठरव, पण इथे रेंगाळू नकोस. स्वतःहून वेळेवर गेलास तर पुढच्या व्हिसाच्या मुलाखतीत सांगायला सरळ गोष्ट असेल.

मुलाखतीचंही या महिन्यात अवघडच आहे. मे महिन्याच्या शेवटी विद्यार्थी व्हिसाच्या नव्या वेळा देणं थांबलं होतं. आत्ता १८ जूनला ते पुन्हा सुरू होतंय असं जाहीर झालं, तेही समाजमाध्यमांवरची खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायच्या अटीवर. त्याला पीएचडीची ओढ आहे, पण घर तारण असताना लगेच नाही, असं तो म्हणाला.

मग त्याने एक गोष्ट सांगितली, जी माझ्या डोक्यात आली नव्हती. कंपनीचा एक कारखाना चाकणला आहे. जेवून झाल्यावर त्याने आपल्या मॅनेजरला फोन केला आणि सगळं खरं सांगून विचारलं, तिथे घ्याल का? मॅनेजर म्हणाले, विचारून सांगतो, आठवडाभर दे. पगार रुपयात असेल, कर्ज डॉलरच्या हिशेबाने काढलेलं. हप्ता जड जाईल. पण घर वाचण्याची शक्यता आहे.

त्याने तिकीट पुढच्या मंगळवारचं पाहिलंय. मी त्याला तीन कागद दिले: बँकेसाठी पत्र, पदवी पूर्ण झाल्याचा दाखला आणि नकाराचं कारण साध्या भाषेत सांगणारं विद्यापीठाचं पत्र. पुढे कुठलाही व्हिसा अधिकारी, कुठलीही कंपनी विचारील तेव्हा हे दाखव, म्हटलं.

संध्याकाळी ६:१५

निघण्याआधी उद्याच्या कार्यशाळेचा कागद पुरा केला. डिसेंबरमध्ये पदवी घेणाऱ्या मुलांसाठी आहे. त्यात एक ओळ आज नवी घातली, ठळक अक्षरात: घर बदललं तर तीन ठिकाणी पत्ता बदला, विद्यापीठात, पोस्टात आणि खात्याच्या फाइलमध्ये.

हे वाचणाऱ्यांत इथे शिकणाऱ्या मुलांचे आईवडील असतील, त्यांना एक विनंती आहे. एखाद्या रात्री फोन येईल आणि मुलगा किंवा मुलगी म्हणेल, ओपीटी डिनाय झाली. तेव्हा लोक काय म्हणतील आणि कर्जाचं काय, हे दोन प्रश्न एका दिवसासाठी बाजूला ठेवा. नोटीसचं दुसरं पान मोठ्याने वाचायला लावा. प्रोग्राम एंड डेट विचारा आणि पुढचे साठ दिवस तुम्ही मोजा. पैसे मागणाऱ्या एजंटाचं नाव निघालं तर तिथेच थांबवा. आणि सकाळ होताच विद्यापीठाच्या कार्यालयात जायला सांगा, त्याच सकाळी.